तात्या खोतांच्या गाडीचे दिवे

मोटारीची वायरिंग दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे कोणी हौसेनं येत नाही. गिऱ्हाईक आधी बॅटरी बदलतं, मग बॅटरीवाल्याला शिव्या घालतं, मग मेव्हण्याला विचारतं, मग देवाला विचारतं, आणि सगळं करून भागलं की माझ्या दारात गाडी लावून म्हणतं, "बघ रे जरा, बारीकसाच काम आसा." काम बारीक आहे हे त्याला कोणी सांगितलं, हे विचारायचं नसतं.

कुडाळला हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये मी हे दुकान चालवलं. आता मुलगा चालवतो, आणि मी बाहेर खुर्ची टाकून त्याच्या कामाला नावं ठेवतो. त्या ऐंशीच्या दशकात आमच्याकडे रेल्वे आलेली नव्हती. होत्या त्या एसट्या, गोव्याकडे धावणारे ट्रक, थोड्या जीपगाड्या आणि काही घरांतून जपून ठेवलेल्या जुन्या विलायती मोटारी. या मोटारींचे मालक मोटारीपेक्षा जुने आणि जास्त खडखडणारे असत. त्यांच्याशी बोलायचं कसब वायरिंगच्या कसबापेक्षा अवघड, आणि ते शिकवणारा उस्ताद मला शेवटपर्यंत भेटला नाही.

धंदा तसा सोपा आहे. करंट बॅटरीतून निघतो, स्विचमधून दिव्यात जातो आणि गाडीच्या लोखंडी अंगातून परत बॅटरीत येतो. या वाटेवर तो कुठेतरी अडतो, नाहीतर भलतीकडेच जातो. कुठे, ते शोधायचं. यापेक्षा जास्त जो सांगेल तो आपलं महत्त्व वाढवतोय असं समजावं. शोधायला माझ्याकडे दोन वायरी लावलेला एक बल्ब असे. एक टोक गाडीच्या अंगाला, दुसरं संशयिताला. पेटला तर तिथपर्यंत करंट आहे. बाकी सगळं नाक आणि बोटं. जळकी वायर आधी नाकाला कळते आणि तापलेली बोटाला.

पण गाडीतला बिघाड सापडतो, माणसाला तो मान्य करायला लावणं कठीण. एका ट्रकवाल्याचा फ्यूज सारखा उडायचा. उघडून पाहतो तर त्यानं दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बरोबर फ्यूजच्या डबीवर टांगलेली. लिंबू धक्क्याधक्क्यानं पिळलं जाऊन आत लोणचं मुरलं होतं. मी डबी धुऊन, पुसून दिली आणि लिंबू बाहेर टांगायला सांगितलं. तो म्हणाला, "बघ, लिंबान इडापिडा आपणार घेतल्यान, म्हणान गाडी वाचली." मी हात जोडले. लिंबाला नव्हे, त्याला.

तात्या खोत मात्र या ट्रकवाल्याच्या पाच पिढ्या वरचे. कुडाळहून मालवणकडे जाताना लागणाऱ्या एका गावचे ते खोत. गावाचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. खोती कधीच गेली होती, पण तात्यांना तसं कोणी लेखी कळवलेलं नसावं. त्यांच्या वडिलांनी गोव्यातल्या एका जमीनदाराकडून घेतलेली काळी विलायती मोटार त्यांच्या पडवीसमोर उभी असे. तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर चादर, आणि चादरीवर कोंबडी बसली तर घरात भांडण. गाडी चालवायला बस्त्याव होता. तात्यांच्या वडिलांपासूनचा हा ख्रिस्ती ड्रायव्हर मितभाषी आणि कमालीचा सावध माणूस. तात्या मागे बसून त्याला सूचना देत, आणि तो त्या ऐकून आपल्याला हवं तेच करी.

तात्यांच्या मुलाचं, सुरेशचं, लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्तावर झालं. मुलगी इन्सुलीची, शाळामास्तरांची शालन. सुरेश गुणी मुलगा. त्याचं म्हणणं काय आहे ते नेहमी त्याचे वडील सांगत. लग्न लावून वरात इन्सुलीहून निघाली, कुडाळात चहाला थांबली, तिन्हीसांज झाली म्हणून बस्त्यावनं मोठे दिवे लावले आणि गाडी गावाच्या वाटेला लागली. गावात शिरायच्या आधी एक वळण आहे. तिथे जुनी पिंपरण आहे आणि तिच्या बुंध्याशी वेशीची राखण करणाऱ्या देवाचा, राखणदाराचा दगड. बरोबर त्या वळणावर गाडीचे दोन्ही दिवे पटकन गेले. नवरा-नवरी आत, पुढे मिट्ट काळोख. वरातीत गावचा घाडी होता. घाडी म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलायचा मान असलेला माणूस. त्यानं उतरून दगडापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं संपलं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि दिवे आले.

आता यापुढे तुम्ही-आम्ही काय बोलणार!

पुढच्या बाजाराला तात्या सुनेला घेऊन कुडाळात आले. परतताना पुन्हा तेच. त्याच वळणावर दिवे गेले, नारळ ठेवला, दिवे आले. त्याच्या पुढच्या बाजारालाही तेच. मग घाडी बाजारादिवशी संध्याकाळी नारळ घेऊन पिंपरणीखाली थांबूच लागला. आणि घरात कुजबुज सुरू झाली. गाडी इतकी वर्षं चालत्ये, दिवे कधी गेले नाहीत. ही आली आणि गेले. माहेरचं काहीतरी पाठीमागून आलंय. पांढऱ्या पायाची आहे. हिच्यामुळे आज दिवे जातायत, उद्या घरातलं माणूस जाईल.

शेवटी देवळात कौल लावला. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला कळ्या लावतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तात्यांनी विचारलं, "सुनेच्या पायान ह्या होता काय?" उजवी पडली. तिला काही काळ माहेरी नेऊन ठेवावं, असं ठरलं. काही काळ म्हणजे किती, ते देवाला विचारलं नाही आणि मुलीलाही नाही. मी देवाला हसत नाही. मीही राखणदाराला नारळ ठेवतो. पण देवाला जेवढं विचाराल तेवढ्याचंच तो उत्तर देणार. बल्बाबद्दल कोणी कौल लावलाच नव्हता.

हे सगळं मला कळलं ते शालन माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन बसली त्या दिवशी. शिमग्याला थोडे दिवस होते, आणि बाजाराचा दिवस होता. हातातला चुडा अजून नव्यासारखा होता. तात्या आणि सुरेश तिला सावंतवाडीच्या एसटीत बसवायला आले होते. वाटेत काळोख पडला तर, या भीतीनं तिला घेऊन गाडी इन्सुलीपर्यंत न्यायची त्यांची छाती नव्हती. एसटीला अवकाश होता आणि बस्त्यावनं गाडी परस्पर माझ्या दारात आणून लावली होती.

"ह्या काय?" तात्या गाडीतूनच ओरडले.

"वायरमनाक दाखवतंय. दिवे नसताना माका गाडी चालवूक जमाची नाय," बस्त्याव म्हणाला.

"अरे, हिका सोडली की दिवे आपसूक बरे होतले."

"तर मगे दाखवून नुकसान काय?"

तात्या उतरले. मला म्हणाले, "वळण इला की दिवे जातत. नारळ ठेवलो की येतत."

"मगे माझ्याकडे कित्याक इलात? नारळवाल्याकडे जावा."

"नारळ तरी किती ठेवचे माणसान?" तात्या म्हणाले. पहिल्यांदाच ते खरं बोलले.

मी बस्त्यावला बाजूला घेतलं. दिवे त्या वळणाशिवाय कुठे गेले होते का? तो म्हणाला, "गेले तर. मालवणच्या वाटेर दोनदा गेले. खाडयेकडे एकदा गेले. पण तेव्हा नारळ नव्हतो आणि सून नव्हती, म्हणान तात्यांनी ते धरल्यानी नाय." कुडाळातून निघताना दिवे कुठे लावतोस? चहाच्या हॉटेलसमोर, नेहमी तिथेच. तिथून वळणापर्यंत किती वेळ? एक विडी ओढून होते. आणि गाऱ्हाण्याला? दुसरी विडी.

माझ्या डोक्यात निम्मा उजेड तिथेच पडला. जुन्या गाड्यांत मोठ्या दिव्यांचा स्विच म्हणजे ओढायचा खुंटा. त्याच्यामागे काही स्विचांत एक दुपदरी पत्ती बसवलेली असते, आपल्या ऑटोमॅटिक इस्त्रीत असते तशीच. करंट फार झाला की पत्ती तापते, वाकते आणि जोड तोडते, म्हणजे वायर जळत नाही. निवली की सरळ होते आणि दिवे परत येतात. पत्तीला ना नारळ कळतो ना सून. तिला फक्त निवायला वेळ लागतो, आणि गाऱ्हाण्याएवढा वेळ तिला नेमका पुरत होता. असा बिघाड दुकानात कधी सापडत नाही, कारण मालक येतो, दिवे लावतो, लागतात, बंद करतो आणि म्हणतो, "बघ, आता बरे आसत." लावून वाट बघणारा मालक मला जन्मात भेटलेला नाही.

मी बस्त्यावला गाडी भिंतीकडे तोंड करून लावायला सांगितली, खुंटा ओढला आणि च्या मागवला. आम्ही सगळे बसलो. शालन बाकावर, गाडीपासून बऱ्यापैकी लांब. च्या संपत आला आणि भिंतीवरचे उजेडाचे दोन गोल पटकन नाहीसे झाले.

तात्या ताडकन उभे राहिले. "घाडी नाय रे हंय!"

"कशाक होयो? वळण तरी खंय आसा हंय? आणि सून बाकार बसली आसा."

तात्यांनी गाडीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, परत गाडीकडे. मग त्यांचा चेहरा उजळला. "ट्रंक! तिची ट्रंक गाडयेत आसा मरे!"

मी बस्त्यावकडून ट्रंक उतरवून घेतली. थोड्या वेळानं डॅशबोर्डमागे 'टिक' असा आवाज झाला आणि दिवे आले. गाऱ्हाणं कोणी घातलं नव्हतं. पुन्हा तेवढाच वेळ गेला, पुन्हा दिवे गेले. आता तात्या म्हणाले, "तिची सावली पडता गाडयेर."

सावली पडत नव्हती. ऊन दुसऱ्या बाजूचं होतं. पण शालन उठली, रस्ता ओलांडला आणि पलीकडे जाऊन उभी राहिली. ट्रक जात होते, त्यांच्या धुरळ्यात ती पदर नाकाला लावून उभी होती. सुरेश माझ्या टायरवर बसून बुटाची नाडी सोडत होता आणि बांधत होता. मला त्या दोघा बापलेकांच्या अंगावर पाना फेकावासा वाटला. फेकला नाही याचं आजही वाईट वाटतं. तिसऱ्यांदा दिवे गेले तेव्हा मी तात्यांना विचारलं, "आता काय करूया? तिका वेंगुर्ल्याक पाठवूया?"

मी स्विच काढला. खारी हवा आमच्याकडे पितळेला सुखानं जगू देत नाही. आतल्या पत्त्यांवर हिरवा कळंक चढला होता. कळंकातून करंट जाताना स्विच तापतो. पण तेवढ्यानं इतका तापायला नको होता. मी पुढचे दिवे उघडले आणि आत बल्ब बघितले. मूळच्या बल्बांच्या दुप्पट जोराचे.

"हे कोणी घातले?"

बस्त्याव आभाळाकडे बघू लागला. तात्या म्हणाले, "मीच आणलंय मुंबयसून. वरात लांबसून दिसाक होयी मां."

"कधी घातलात?"

"लग्नाच्या आदल्या दिवशी."

एवढ्यात सावंतवाडीची एसटी आली, शालनच्या पुढ्यात थांबली आणि गेली. शालन चढली नाही. ट्रंक अलीकडे माझ्या दारात होती.

"म्हणजे माझ्या बल्बांची चूक म्हण," तात्या म्हणाले.

"बल्बांची नाय. बल्ब बिचारे लागतत तसे लागतत."

तात्यांना तो बोल लागला, पण त्यांनी तो दुसरीकडे वळवला. म्हणाले, हे सगळं दुकानात ठीक आहे. राखणदाराच्या वळणावर हिच्यासकट दिवे राहिले तर मी मानीन. राहिले तर ती घरी येईल. गेले तर उद्या पहिल्या एसटीनं इन्सुली, आणि मग परत आणायची नाही. बस्त्यावनं रस्त्यापलीकडे जाऊन शालनला हे सांगितलं. ती ऐकून परत बाकावर येऊन बसली. मी मात्र कामाला लागलो. एखाद्या पोरीचा संसार आपल्या हातातल्या पितळी पत्तीवर अडकलाय असं वाटलं की माणूस नट जरा जास्तच घट्ट आवळतो.

पत्त्या पॉलिश पेपरनं घासून लख्ख केल्या. नवा स्विच कोल्हापुरातही मिळाला नसता, म्हणून भंगारातल्या ट्रकचा एक रिले बसवला. रिले म्हणजे मुकादम. स्विचनं त्याला नुसता इशारा करायचा, जड करंट तो आपल्या अंगावर वाहतो. बल्ब जुने घालायला निघालो तर तात्या आडवे आले. दिव्यांचा जोर कमी झालेला त्यांना चालणार नव्हता. बरं म्हटलं, मुकादम दणकट आहे.

दिवेलागणीला निघालो. तात्या आणि सून मागे, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. पुढे बस्त्याव, सुरेश आणि मी. ट्रंक डिकीत. हॉटेलसमोर दिवे लावले. बस्त्यावनं विडी पेटवली आणि मी त्या विडीकडे बघत बसलो. हात अधूनमधून डॅशबोर्डखाली घालून स्विच चाचपत होतो. थंड होता. मागून तात्यांचा श्वास ऐकू येत होता. विडी संपली, पिंपरण दिसली. दिवे जळत होते. वळण सुरू झालं. दिवे जळत होते. मी जोरात हसलो, मला आवरलंच नाही.

पण दगडापाशी बाजारादिवशीच्या सवयीनं घाडी नारळ घेऊन उभा. दिव्यांच्या झोतात तो स्वतःच देवासारखा दिसत होता. त्याला ओलांडून जायचं कसं? बस्त्यावनं गाडी थांबवली. तात्या आणि सुरेश उतरले. दिवे गेले नाहीत म्हणून राखणदाराचे आभार मानायला हवे होते. मी दिव्यांवर लक्ष ठेवून आतच बसलो, शालन मागे बसून राहिली.

"बा देवा म्हाराजा, जागेवाल्या, वाटेवाल्या!" घाडीनं सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"तात्यांच्या गाडयेचे जे डोळे मिटत होते, ते आज तू उघडे ठेवलंस!"

"व्हय म्हाराजा!"

"तसोच ह्येंच्या घरादारार, लेकरां-सुनांर तुझो हात ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

बस्त्यावनं बसल्या जागी छातीवर खुरीस, म्हणजे क्रूस, काढला. नारळ फुटला. तात्या प्रसन्न चेहऱ्यानं मागच्या खिडकीशी आले. "चल गो शालन. देव पावलो. आता तू आमच्या घरची लक्ष्मी."

त्या दिवसभरात ती पहिल्यांदाच बोलली. आवाज चढवला नाही.

"मामानू, दिवे गेले तेव्हा मी अवदसा. दिवे रवले तेव्हा लक्ष्मी. फाल्यां हॉर्न बंद पडलो तर?"

घाडी फसकन हसला आणि लगेच खोकला आल्यासारखं करू लागला.

"बस्त्यावमामा, गाडी फिरवा," ती म्हणाली. "माका इन्सुलेक सोडा."

"बस्त्याव! खबरदार!"

"तात्यानू," बस्त्याव शांतपणे म्हणाला, "सकाळी तुमीच सांगलात, हिका इन्सुलेक धाडूची आसा म्हणान. एसटी चुकली, ती काय हिची चूक?" आणि त्यानं गाडी मागे घेतली.

वळताना दिव्यांचा झोत सुरेशवरून गेला. दोन्ही हातांत नारळाची दोन शकलं. शालननं खिडकीतून त्याच्याकडे बघितलं. "येवचा आसात तर बसा." त्यानं वडिलांकडे बघितलं. बस्त्यावनं थोडी वाट पाहिली, जेवढी पाहायला हवी होती त्याहून जरा जास्तच, आणि मग गिअर टाकला.

मी कुडाळला उतरणार होतो, उतरलो नाही. दिव्यांची परीक्षा इन्सुलीपर्यंत व्हायला हवी, असं मी बस्त्यावला सांगितलं. सावंतवाडी मागे पडली. मग शालन म्हणाली, "काका, त्या स्विचात नेमका काय बिघडलेला?" मी तिला पत्ती, कळंक, बल्ब, रिले, सगळं सांगितलं. ती मधूनमधून प्रश्न विचारत होती, आणि नेमके विचारत होती. इतक्या वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या गाडीतून हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. दारात मास्तर कंदील घेऊन उभे राहिले तेव्हा तिनं स्वतः ट्रंक उतरवली आणि म्हणाली, "बाबा, मी इलंय. कोणी धाडूक नाय. मी इलंय."

शिमगा झाल्यावर एक दिवस सुरेश सावंतवाडीच्या एसटीत चढताना दिसला. हातात पिशवी होती आणि बरोबर वडील नव्हते. मास्तरांच्या दारात त्याला बराच वेळ उभं राहावं लागलं म्हणतात, आणि ते योग्यच झालं. पुढे दोघांनी सावंतवाडीत बिऱ्हाड केलं. त्यानं लाकडाच्या वखारीत नोकरी धरली. खोतांच्या घरी ती सणालाही राहायला गेली नाही.

तात्या मात्र अखेरपर्यंत मला रस्त्यात भेटले की मान फिरवून जात. गाडीचे दिवे पुन्हा कधी गेले नाहीत. गावात कोणी त्या प्रकरणाचा विषय काढला, तर तात्या न चिडता निकाल सांगत: दिवे लागले ते देवामुळे आणि सून गेली ती वायरमनामुळे. या वाटणीत माझ्या पदरात जे पडलं, ते मी आनंदानं घेतलं आहे.